जन्माला न आलेल्या पुस्तकांचा खण

आहेर बाईंना कुणी काही विचारलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मला माहीत नाही." दुसरं वाक्य, "बसा." आणि मग खुर्ची पुढे सरकवून तिसरं, "आता सांगा, हे कशासाठी पाहिजे?"

नवीन माणूस पहिल्या वाक्यालाच उठायला लागायचा. समोर पाटी 'संदर्भ विभाग प्रमुख' अशी, आणि बाई सरळ तोंडावर सांगतात, मला माहीत नाही! मीसुद्धा पहिल्या दिवशी मनात म्हटलं, ह्या काय टिकायच्या नाहीत. त्या टिकल्या. मी चुकलो. आणि मी चुकलो असं मी आयुष्यात फार थोड्या वेळा कबूल केलेलं आहे.

मी पुंजाराम. शिक्षण चौथी. मूळचा दिंडोरीकडचा. नाशिकच्या एका मोठ्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई म्हणून लागलो. रिटायर झाल्यावरही संस्थेनं मला परत बोलावून घेतलं, कारण तळघरात कुठलं पुस्तक कुठल्या रांगेत आहे ते माझ्याशिवाय कुणाला सांगता येत नव्हतं. ही फुशारकी नाही. तेव्हाच्या कुणालाही विचारा.

संदर्भ विभाग म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुष्कळ शिकलेल्यांनाही ते ठाऊक नसतं. ज्याला पुस्तकाचं नाव माहीत आहे तो काउंटरवर जातो, चिठ्ठी देतो, मी पुस्तक आणून देतो. ज्याला नावच माहीत नाही, नुसता प्रश्न घेऊन आलाय, तो बाईंच्या टेबलाशी जातो. ते टेबल सागवानी, जड, जिन्याखालच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रांच्या स्टँडच्या मागे. अंधारच म्हणा. पण तिथं जी गर्दी असायची ती काउंटरवर कधी नसायची.

बाई बागलाणातल्या, नामपूरच्या. बोलणं शहरातलं, स्वच्छ. पण राग आला की गावची अहिराणी बोली बाहेर यायची. कुणी पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की, "हाई काय शे?" एवढंच म्हणायच्या. त्या तीन शब्दांनी एम.ए.ची पोरं पळालेली मी पाहिली आहेत. जेवायला भाकरी आणि नामपूरचा कांदा, तोही बुक्कीनं फोडलेला. कापलेला कांदा त्यांना चालायचा नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास टेबलावर बसायच्या नाहीत, बाहेर कडुलिंबाखाली बडीशेप चावत फिरायच्या. म्हणायच्या, "प्रश्न विचारणारा आधीच घाबरलेला असतो पुंजाभाऊ. त्यात आणखी कांद्याचा वास नको."

टेबलावर एक जाड वही. प्रश्नवही. आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा, चुकीचा असला तरी. खाली, कुठं कुठं शोधलं ते. आणि सगळ्यात खाली एक रिकामी ओळ. विचारणाऱ्यानं परत यायचं, 'मिळालं' असं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि सही करायची. तोपर्यंत प्रश्न उघडा. सही झाली की बाई मूठ वळून टेबलावर दोनदा वाजवायच्या. टक, टक. ग्रंथालयात शांतता राखा असं चारी भिंतींवर लिहिलेलं, आणि संदर्भ विभाग प्रमुखच टेबल ठोकतायत! पण आवाज आला की अख्ख्या वाचनकक्षात माना वर व्हायच्या. कुणाला तरी काहीतरी सापडलं, एवढं सगळ्यांना कळायचं.

आमचं पहिले चार महिने भांडण होतं. मी तळघरातली पुस्तकं माझ्या पद्धतीनं लावायचो. परीक्षेला लागणारी खाली, हाताशी. न लागणारी वर. बाई म्हणाल्या, नंबराप्रमाणं लावा. मी म्हटलं, नंबर परीक्षेला बसत नाय, पोरं बसत्यात. त्या म्हणाल्या, नंबराप्रमाणं. मी बोलणंच बंद केलं. चार महिने आम्ही चिठ्ठ्यांवर बोललो. मग एके दिवशी बाई वही घेऊन तळघरात आल्या, माझ्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "पुंजाभाऊ, मला माहीत नाही. तुम्ही सांगा, हे कपाट असं का लावलंय?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. खाली 'मिळालं' लिहून स्वतः सही केली आणि माझ्या लोखंडी रॅकवर दोनदा मूठ वाजवली. बाकीचं सगळं नंबराप्रमाणं झालं, पण ते एक कपाट आजही माझ्या पद्धतीनं आहे. मी हरलो की जिंकलो, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकदा सुरगाण्याकडची एक मुलगी आली. उंबऱ्यावरच उभी. बाईंनी बोलावलं तेव्हा म्हणाली, "शेतीचं पुस्तक पाहिजे."

"मला माहीत नाही. बस. कशासाठी पाहिजे?"

"प्रोजेक्टसाठी."

"शेतीतलं काय?"

"नागली."

"नागलीचं काय?"

मुलगी मग खाली मान घालून म्हणाली, तिची आजी नागलीची, म्हणजे नाचणीची, पाच-सहा नावं सांगते, प्रत्येक बियाण्याचं वेगळं. तिनं ती प्रोजेक्टमध्ये लिहिली. सरांनी खोडली. छापील कुठं दिसल्याशिवाय ही नावं धरता येणार नाहीत म्हणाले.

"म्हणजे तुला शेतीचं पुस्तक नकोय," बाई म्हणाल्या. "तुला तुझ्या आजीला साक्षीदार पाहिजे."

पंधरा दिवस लागले. मी तळघरातून गठ्ठेच्या गठ्ठे वर आणले. शेवटी एका जुन्या महसुली अहवालाच्या परिशिष्टात, बारीक टायपात, त्यातली चार नावं निघाली. मुलीनं वहीत 'मिळालं' लिहिताना अक्षर एवढं मोठं काढलं की दोन ओळी खाल्ल्या. बाईंनी त्या दिवशी टेबल इतक्या जोरात वाजवलं की शाईची बाटली आडवी झाली.

आणि ही सहीची अट त्या कुणाला सोडायच्या नाहीत. पिंपळगाव बसवंतचा एक विद्यार्थी काहीतरी विचारून गेला, द्राक्षाच्या एका जुन्या रोगाबद्दल. उत्तर मिळेना. पोरगा परीक्षा देऊन निघून गेला, वहीत प्रश्न उघडाच. सहा वर्षांनी बाईंना तो रोग एका जुन्या मासिकात सापडला. दुसऱ्या कुणी पोस्टकार्ड टाकलं असतं. बाईंनी रविवारी एसटी धरली, वही पिशवीत, आणि मला म्हणाल्या, "चला." पिंपळगावला त्या पोराचं आता पॅकहाऊस होतं, बाहेर टेम्पो उभे, आत बायका द्राक्षं निवडतायत. त्यानं बाईंना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम! तुम्ही इकडं? अहो, ते मी कधीच विसरलो!"

"मी नाही विसरले," बाई म्हणाल्या. "हे वाचा. पटलं तर सही करा."

त्यानं उभ्याउभ्या वाचलं. मग खोक्यावर बसून परत वाचलं. म्हणाला, "मॅडम, हे आमच्या खालच्या प्लॉटमध्ये आत्ता आलंय." सही केली. टेबल नव्हतंच, म्हणून बाईंनी टेम्पोच्या फाळक्यावर मूठ वाजवली. आत बसलेला ड्रायव्हर दचकून बाहेर आला.

आता मुख्य गोष्ट.

बाईंची नोकरी दोन वर्षं राहिली होती तेव्हा नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नव्हता. उत्साही होता. त्यांनी ग्रंथालय पाहिलं, जिन्याखाली वाकून टेबल पाहिलं आणि विचारलं, "हे अजून कशाला?" मग नोटीस निघाली. संदर्भ टेबल बंद. त्या जागी तीन स्क्रीन. कुणीही यावं, प्रश्न टाइप करावा, मशीन क्षणात उत्तर देईल. बाईंची बदली परीक्षा विभागात. निर्णय पक्का करायला सत्र संपताना ग्रंथालय समितीची बैठक, तोपर्यंत स्क्रीन आणि टेबल दोन्ही चालू.

मी बाईंना म्हटलं, "तुम्ही काय बोलत नाय?"

"काय बोलू? आधी ते मशीन काय करतं ते तर बघू."

आणि खरंच, सगळ्यात आधी स्क्रीनसमोर जाऊन बसल्या त्या बाईच. रोज तास-तास. मला राग आला. मी म्हटलं, "दुश्मनाच्या घरी कशाला जाता?" त्या म्हणाल्या, "छान आहे हो पुंजाभाऊ. मला दोन दिवस लागतात ते इंग्रजी समजून घ्यायला, हे दोन मिनिटांत सोपं करून सांगतं." टेबलावरची गर्दी कमी होत गेली. कधी कधी दिवसभरात वहीत एकच प्रश्न. बाई त्या एकाच प्रश्नाचं उत्तर तेवढ्याच जोरात शोधायच्या, पण संध्याकाळी वही मिटताना त्यांचा हात जरा वेळ वहीवरच राहायचा. ते मी पाहायचो.

अशात एक एम.ए.ची मुलगी काउंटरवर चिठ्ठी घेऊन आली. 'गोदाकाठची द्राक्षशेती आणि मजुरांचे स्थलांतर.' लेखक, साल, पान नंबरसुद्धा. मी तळघरात गेलो. नव्हतं. दुरुस्तीला काढलेल्या ढिगात पाहिलं. बायंडिंगच्या गठ्ठ्यात पाहिलं. देणगीत आलेल्या ट्रंका उघडल्या. रॅक भिंतीपासून ओढून मागे पाहिलं, तिथं मेलेली पाल निघाली, पुस्तक नाही. मुलीला म्हटलं, उद्या ये. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या ये. माझ्या हातून आजवर एक पुस्तक हरवलेलं नाही. 'सापडत नाही' हे माझ्या तोंडून निघेना. तिसऱ्या दिवशी मी कागद घेतला आणि माझ्या अक्षरात अर्ज लिहिला. पुस्तक माझ्याकडून गहाळ झालं आहे. चूक माझी आहे. माझी नजर गेली. मला कामावरून कमी करावं. आणि तो अर्ज बाईंच्या टेबलावर ठेवून उभा राहिलो.

बाईंनी वाचला. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा." मी त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलो. "ही चिठ्ठी मुलीला कुठून मिळाली?"

"स्क्रीनवरून."

बाईंनी आलेल्या पुस्तकांच्या दाखल नोंदवह्या काढल्या, पहिल्या वर्षापासून. एक एक पान. मग दुसऱ्या ग्रंथालयांना फोन. पुण्याला, मुंबईला. दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी खाली तळघरात आल्या, अर्ज माझ्या हातात दिला.

"पुंजाभाऊ, हे पुस्तक तुम्ही हरवलं नाही. हे पुस्तक जन्मालाच आलं नाही."

मला कळेना. "म्हंजे? नाव हाय, लेखक हाय, पान नंबर हाय!"

"सगळं आहे. पुस्तक तेवढं नाही."

"म्हंजे मशीन खोटं बोलतं?"

बाई माझ्या स्टुलावर बसल्या. "खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. त्याला 'मला माहीत नाही' असं म्हणायला कुणी शिकवलेलं दिसत नाही."

मी तो अर्ज फाडला. एवढे तुकडे केले की पाखरांनाही उचलता आले नसते. तीन दिवस मी न जन्मलेल्या पोराला मेळ्यात शोधत होतो, आणि स्वतःला आंधळा समजत होतो!

त्या दिवसापासून जुन्या कार्डांच्या कपाटातला एक खण बाईंनी रिकामा केला. त्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवली, 'जन्माला न आलेली'. काउंटरवर येणाऱ्या अशा चिठ्ठ्या मी आणायचो, बाई तपासायच्या, खात्री झाली की खणात. प्रत्येक चिठ्ठीवर विचारणाऱ्याच्या नावावर बाई कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवायच्या. मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "ह्या टेबलावर विचारलेला प्रश्न म्हणजे डॉक्टरला दाखवलेलं दुखणं. नाव बाहेर जायचं नाही." हळूहळू पोरं स्वतःच यायला लागली. आधी स्क्रीनवर विचारायची, मग बाईंकडं येऊन म्हणायची, "मॅडम, ह्यातलं खरं कुठलं?" बाई खुर्ची सरकवायच्या. सत्र संपता संपता खण भरला.

आणि बैठकीच्या आधी आठ दिवस एक चिठ्ठी आली ती थेट प्राचार्यांच्या ऑफिसातून, त्यांच्याच अक्षरात. त्यांना कुठंतरी भाषण होतं, तीन पुस्तकं हवी होती. दोन मी पाच मिनिटांत काढली. तिसरं सापडेना. आता मी शहाणा झालो होतो. चिठ्ठी सरळ बाईंकडं नेली. बाईंनी तपासली. जन्माला आलेलं नव्हतं.

बाईंनी एका कागदावर लिहिलं, 'हे पुस्तक कुठेही आढळले नाही, कृपया मूळ तपासावे', पाकीट बंद केलं आणि माझ्या हातून ऑफिसात पाठवलं. उत्तर काही आलं नाही.

मी म्हटलं, "बाई, हा हुकमाचा पत्ता हाय. बैठकीत ही चिठ्ठी सगळ्यात वर ठेवा."

"नाही."

"तुमचं टेबल जातंय! तुम्ही परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत बसणार का?"

बाईंनी पट्टी कापली, प्राचार्यांच्या नावावर चिकटवली, नखानं चारी कोपरे दाबले आणि चिठ्ठी बाकीच्यांत मध्येच कुठंतरी सरकवली. "ते प्राचार्य नव्हते हो तेव्हा. प्रश्न घेऊन आलेला माणूस होता. तुम्ही तोंड उघडलंत तर मी तुमच्याशी परत चिठ्ठ्यांवर बोलेन."

बैठकीला चहा द्यायला मी होतो. मोठं टेबल, समितीचे आठ लोक, स्क्रीनवाल्या कंपनीचा एक माणूस टाय लावून. बाईंनी तो अख्खा खण उचलून आणला आणि मध्यभागी ठेवला. म्हणाल्या, "मशीन काढा असं मी म्हणत नाही. मशीन माझ्या टेबलावर ठेवा. ते पळत जाऊन शोधेल. आणलेलं खरं आहे का, ते हातात घेऊन बघायला माणूस लागेल. पोरांना ते बघायला शिकवायलाही माणूस लागेल. एवढंच माझं म्हणणं."

चिठ्ठ्या हातोहात फिरल्या. कंपनीचा माणूस म्हणाला, सुधारणा चालू आहे. बाई म्हणाल्या, "व्हायलाच पाहिजे. तोपर्यंत?" तेव्हा एक जाडसर प्राध्यापक हसले. म्हणाले, "अहो मॅडम, हे सगळं आळशी पोरांचं काम. जरा शिकलेला माणूस असा फसेल का?"

माझी जीभ अशी वळवळत होती म्हणून सांगू! बाईंनी माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. मी ओठ दाबून चहा ओतला, अर्धा बशीत गेला. बाई त्या प्राध्यापकांना शांतपणे म्हणाल्या, "कोण फसलं ते मला माहीत नाही, सर. नावं झाकलेली आहेत."

प्राचार्य खणातल्या चिठ्ठ्या एकेक पुढे करत होते. एका चिठ्ठीपाशी त्यांचं बोट थांबलं. पट्टी होती, पण स्वतःचं अक्षर माणूस ओळखतोच. त्यांनी बाईंकडं पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. प्राचार्यांनी कप खाली ठेवला.

"शिकलेला माणूस फसतो," ते म्हणाले. "ही चिठ्ठी माझी आहे. मॅडमनी पाकीट पाठवलं नसतं तर ह्या पुस्तकाचा दाखला मी दीडशे लोकांसमोर दिला असता. आणि आज इथं त्यांनी ते सांगितलं नाही."

जाडसर प्राध्यापकांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तिथंच राहिलं. निर्णय तिथल्या तिथं फिरला. टेबल राहणार. नुसतं राहणार नाही, जिन्याखालून निघून दरवाजासमोर, उजेडात येणार. स्क्रीन त्याच टेबलावर. आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गानं एक तास बाईंसमोर बसायचं.

टेबल हलवायला आम्ही पाच जण. मधला दरवाजा अरुंद, म्हणून सुताराला बोलावून फळ्या बिजागऱ्यांतून काढल्या. वाचनकक्षातली पोरं उठून बाजूला झाली, खुर्च्या ओढून वाट केली. मी पुढचा पाय धरला होता. कुणी म्हटलं, बाबा, तुम्ही सोडा. मी म्हटलं, माझा हात काढून दाखव. बाई मागून खण दोन्ही हातांनी छातीशी धरून येत होत्या. टेबल उजेडात टेकलं आणि शंभर पोरं बघत असताना बाईंनी मूठ वाजवली. टक, टक. टाळ्या पडल्या. शांतता राखा असं लिहिलेल्या चारी भिंतींमध्ये!

पुढची दीड वर्षं त्या टेबलाशी रांग असायची. दुसऱ्या कॉलेजांतूनही लोक चिठ्ठ्या घेऊन यायचे. बाई रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्या जागी मनीषा मॅडम आल्या, बाईंच्याच हाताखाली शिकलेल्या.

गेल्या महिन्यात एका सोमवारी पाहतो तर रांगेत आहेर बाई. हातात पिशवी, पुढे चार पोरं. मनीषा मॅडम उठल्याच. "मॅडम, तुम्ही या ना, आत या!"

"माझा नंबर आला की येते."

नंबर आला. बाई म्हणाल्या, "माझी आई नामपूरला बाजारात कांदा निवडायची. एका उशिरा येणाऱ्या कांद्याला ती 'सांजी' म्हणायची. आता ते नाव कुणालाच आठवत नाही. कुठं छापलंय का?"

मनीषा मॅडमनी वही उघडली. "मला माहीत नाही. बसा. हे कशासाठी पाहिजे?"

बाई त्या खुर्चीत बसल्या. मी मागेच उभा होतो. म्हटलं, "बाई, एवढी वर्षं कधी विचारलं नाय?"

"कुणाला विचारणार पुंजाभाऊ? मी त्या बाजूला बसायचे."

तीन आठवडे लागले. बियाण्यांच्या एका जुन्या यादीत निघालं, 'सांजी, उशिराचा, नामपूर भाग'. यादी मीच काढली, माझ्या पद्धतीनं लावलेल्या कपाटातून. बाई आल्या. चष्मा वर करून ती ओळ वाचली. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचली. मग वही ओढून घेतली, 'मिळालं' लिहिलं आणि सही केली.

मनीषा मॅडमनी बोटाच्या टोकानं टेबलावर हळूच वाजवलं.

"हाई काय शे?" बाई म्हणाल्या. "जोरात. वरच्या मजल्याला कळलं पाहिजे."

मनीषा मॅडमनी मूठ वळली. टक, टक. सगळ्या वाचनकक्षात माना वर झाल्या. बाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली, रांगेतल्या पुढच्या मुलीसाठी खुर्ची सरकवून ठेवली आणि दाराबाहेर कडुलिंबाच्या दिशेनं चालत गेल्या. बडीशेपेची डबी त्यांनी पायरीवरच उघडली होती.